बोर्नव्हिलची वस्ती

ठाणे शहरात ‘कॅडबरी जंक्शन’ एवढे म्हटले की रिक्षावाल्यास अधिक काही सांगावे लागत नाही. चॉकलेटच्या कारखान्यावरून चौकाला नाव पडले आणि ते लोकांच्या तोंडी बसले. ज्या व्यापारी घराण्याचे हे नाव, ते इंग्लंडातील बर्मिंगहॅमचे. त्या शहराच्या दक्षिणेस, मध्यापासून सहा-साडेसहा किलोमीटरवर, या घराण्याने वसविलेली एक निवासी वस्ती आहे. तिचे नाव बोर्नव्हिल. कारखान्याशेजारचे चॉकलेटचे प्रदर्शन पाहण्यास मुलांच्या झुंडी येतात. परंतु त्यांतील फारच थोडे लोक रस्ता ओलांडून वस्तीत शिरतात. शिरून पाहण्यासारखे तेथे फारसे काही नाहीही. राहती घरे, बागा, शाळा, थोडी दुकाने आणि मधोमध एक हिरवळ, एवढाच तिचा पसारा. तरीही व्यापारातून आलेल्या पैशाचे पुढे काय करावे, हा प्रश्न ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या निघतो, त्या घरांनी तरी या वस्तीची माहिती करून घ्यावी.

बोर्नव्हिलच्या रेल्वे स्थानकाचा रंग जांभळा आहे, कारण चॉकलेटच्या वेष्टनाचा रंग तोच. वारा अनुकूल असला, तर चॉकलेटचा वास घरांपर्यंत येतो. नव्याने राहावयास आलेल्यांना त्याचे अप्रूप वाटते; जुन्या रहिवाशांना तो जाणवेनासा झालेला असतो. रस्त्यांना माणसांची नव्हे, झाडांची नावे आहेत: लिंडन, सिकमोर, अकेशिया, लॅबर्नम, एल्म, विलो, बीच. घरे लाल विटांची, उतरत्या छपरांची, बहुधा दोन-दोनांची जोडी करून बांधलेली. एका जोडीची ठेवण दुसरीशी मिळतीजुळती, पण तंतोतंत तीच नव्हे. घरापुढे लहान बाग आणि रस्त्याच्या बाजूस दगडी भिंतीऐवजी कापून सारख्या केलेल्या झुडपांचे हिरवे कुंपण. मागे मात्र लांब बाग. पुण्या-मुंबईच्या माणसाला ती बाग पाहून प्रथम हेच वाटते, की येथे आणखी दोन इमारती सहज उभ्या राहिल्या असत्या.

त्याला दुसरे काय जाणवत असेल, तर ती शांतता. दुपारी चार रस्ते फिरून यावे आणि एखादे मांजर व टपालवाला यांखेरीज कोणी भेटू नये, असे घडते. शेजारी भेटला, तर हवेविषयी दोन वाक्ये बोलतो आणि आपल्या फाटकातून आत जातो. न सांगता कोणी कोणाची कडी वाजवीत नाही. वाड्यात किंवा चाळीत लहानाचे मोठे झालेल्याला पहिला हिवाळा जड जातो. जवळच्या विद्यापीठात व मोठ्या रुग्णालयात काम करणारी भारतीय कुटुंबे या भागात राहतात. त्यांच्यापैकी ज्या घरी सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम आहे, त्यांना घड्याळ नव्याने शिकावे लागते. डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, आणि जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत तो मावळत नाही. पण ही शांतता म्हणजे तुटकपणा नव्हे, हे हळूहळू ध्यानात येते. कोणी परगावी गेले, तर त्याचा कचऱ्याचा डबा शेजारी आठवणीने रस्त्यावर आणून ठेवतो व रिकामा झाल्यावर परत नेतो. आलेले पार्सल ठेवून घेतो. किल्ली घेऊन झाडांना पाणी घालतो. या सर्व कामांत तो आपल्या दिवाणखान्यात येऊन कधी बसला नाही, हेही खरे.

या हिरव्या शोभेमागे नियमांचे एक जाळे आहे. घर स्वतःच्या नावावर असले, तरी बाहेरून दिसणारी खिडकी बदलावयाची, पुढचे दार निराळ्या घाटाचे बसवावयाचे, मोठे झाड तोडावयाचे, मोटारीसाठी पुढच्या बागेत फरशी घालावयाची किंवा कुंपण काढून टाकावयाचे, तर बोर्नव्हिल व्हिलेज ट्रस्ट या विश्वस्त संस्थेची परवानगी काढावी लागते. १९६७ च्या कायद्याने इंग्लंडातील दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावरील रहिवाशांना घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. त्यामुळे वस्तीचे स्वरूप विस्कटेल, अशी भीती निर्माण झाली. तेव्हा न्यायालयाच्या मान्यतेने ही नियमावली ठरली, आणि तिच्यासाठी घरमालकांनी दरवर्षी थोडी रक्कम द्यावी, असेही ठरले. रहिवाशांची कुरकुर चालूच असते. आपल्याच पैशाने घेतलेल्या घराच्या खिडकीसाठी अर्ज का करावा, हा प्रश्न कोणत्याही देशातल्या माणसाला पडेल. लाकडी चौकटी महाग पडतात. दोन मोटारी असणाऱ्यांना जागा पुरत नाही. मात्र शेजाऱ्याने कुंपण उपटून सिमेंट ओतावयास घेतले, की कालपर्यंत कुरकुरणारा हाच गृहस्थ ट्रस्टला पत्र लिहितो. मनुष्यस्वभाव बोर्नव्हिलमध्येही निराळा नाही.

हे नियम आले कोठून, हे पाहावयाचे तर १८२४ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी जॉन कॅडबरी याने बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर चहा, कॉफी व पिण्याच्या चॉकलेटचे दुकान काढले. घराणे क्वेकर पंथाचे. या पंथात पुरोहित नाही. प्रार्थनेसाठी जमलेली मंडळी बहुतेक वेळ मौन बसतात. शस्त्र धरावयाचे नाही, शपथ घ्यावयाची नाही, साधे राहावयाचे, असे त्यांचे आचार. चर्चशी न जुळल्यामुळे ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे त्यांना दीर्घकाळ बंद होती. सैन्य तर त्यांनीच वर्ज्य केलेले. राहता राहिला व्यापार. अल्पसंख्य समाज व्यापारात का शिरतो आणि तेथे शब्दाची पत का जपतो, हे या वाचकवर्गास निराळे सांगावयास नको. दारूपासून माणसास सोडवावयाचे, तर त्याला चहा-कोको द्यावा, हा विचारही त्या दुकानामागे होता.

१८६१ मध्ये रिचर्ड व जॉर्ज या मुलांनी धंदा हाती घेतला, तेव्हा तो बुडण्याच्या बेतात होता. त्या काळचा कोको म्हणजे कोको थोडा आणि बटाट्याचे पीठ, साबुदाणा व काकवी अधिक. कॅडबरींचाही माल त्याच प्रकारचा असे, आणि जॉर्जने ते पुढे कबूल केले. आईकडून आलेले भांडवल संपत आले असता दोघा भावांनी हॉलंडमधून एक यंत्र आणविले. कोकोतील चरबी दाबून काढून टाकली, की पीठ मिसळण्याची गरजच उरत नाही. १८६६ मध्ये हा निर्भेळ कोको बाजारात आला. थोड्याच वर्षांत भेसळीविरुद्ध कायदे झाले, ‘निर्भेळ’ हा शब्द ग्राहकाच्या कानी पडू लागला, आणि धंदा उभा राहिला. १८७९ मध्ये त्यांनी शहराच्या धुरातून कारखाना हलवून बोर्न नावाच्या ओढ्याकाठी, कालवा व रेल्वेमार्ग यांच्या शेजारी, मोकळ्या रानात नेला. ओढ्याच्या नावाला फ्रेंच शेपूट जोडले, कारण त्या वेळी चॉकलेट म्हटले की लोकांना फ्रान्स आठवे.

जॉर्ज कॅडबरी अनेक वर्षे दर रविवारी सकाळी बर्मिंगहॅममध्ये प्रौढ कामगारांना लिहावयास-वाचावयास शिकवीत असे. विद्यार्थ्यांच्या घरी जाणे होई. पाठीला पाठ लावून बांधलेल्या खोल्या, मधे अंगण, अंगणात दहा घरांत मिळून एक नळ, आणि कोपऱ्यावर दारूचा गुत्ता. जेथे घरी बसावयास जागा नाही, तेथे माणूस गुत्त्यात बसतो, हे त्याने पाहिले. उपदेशाने हे सुटणार नाही, त्यासाठी बाग असलेले घर हवे, असे त्याचे मत झाले. १८९३ मध्ये त्याने कारखान्याजवळ १२० एकर जमीन घेतली आणि १८९५ पासून विल्यम अलेक्झांडर हार्वी या तरुण वास्तुतज्ज्ञाकडून घरे बांधविण्यास आरंभ केला. घराने आपल्या जागेचा चौथा हिस्सा व्यापावा, त्याहून अधिक नाही, उरलेली बाग. जमिनीचा दहावा हिस्सा सर्वांच्या मैदानांसाठी. राहावयास येणाऱ्याच्या हाती बाग नांगरून, फळझाडे लावून दिली जाई: मागे सफरचंद, नाशपाती व अलुबुखार, शिवाय गूसबेरीची झुडपे. कारखान्यातून दमून आलेल्या माणसाने पहिलाच खड्डा खणावा, अशी अपेक्षा त्याने ठेवली नाही. या मोठ्या मनाबरोबर थोडी वडीलकीही होती. रहिवाशांसाठी आरोग्याच्या सूचनांचे एक पत्रक असे. दारू, तंबाखू व डुकराचे मांस टाळावे, झोपताना तोंड मिटून नाकाने श्वास घ्यावा, येथपर्यंत ठीक. नवराबायकोंनी निरनिराळ्या पलंगांवर निजावे, ही सूचना रहिवाशांनी कितपत मनावर घेतली असेल, कोण जाणे.

वस्ती केवळ कारखान्याच्या कामगारांसाठी नव्हती, हे अनेकांना ठाऊक नसते. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅडबरींकडे काम करणारे रहिवासी निम्म्याहून कमी होते. धनी आणि घरमालक एकच असला, तर नोकरी जाताच छप्परही जाते. जॉर्जला ते नको होते. पहिली घरे त्याने ९९९ वर्षांच्या पट्ट्याने, जवळजवळ खर्चाच्याच किमतीत लोकांना दिली. आणि येथे त्याचा हिशेब चुकला. जागा उत्तम, किंमत कमी. काही घेणाऱ्यांनी ती घरे लगेच नफ्याने विकून टाकली. त्यांना दोष तरी काय द्यावा? स्वस्त घ्यावे व महाग विकावे, हे व्यापाराचे पहिले सूत्र. परंतु गरजूसाठी ठेवलेली सवलत मधल्यामधे कोणाच्या तरी खिशात जाणार, हे उघड झाले. व्यापाऱ्याच्या डोळ्यांनी त्याने ते ओळखले, आणि १९०० मध्ये ३३० एकर जमीन व तीनशेहून अधिक घरे, त्या काळच्या सुमारे १,७०,००० पौंड किमतीची सर्व मालमत्ता, एका विश्वस्त संस्थेच्या नावे करून टाकली. भाड्याचे उत्पन्न तिनेच घरांसाठी पुन्हा वापरावे. त्यातील एक पेनीही कारखान्याकडे किंवा घराण्याकडे परत येऊ नये.

त्याला मुले पुष्कळ होती. मुलांचा वारसा असा देऊन टाकण्याचा बापास अधिकार आहे काय, यावर त्याने बराच विचार केला, आणि हा पैसा न मिळण्यातच मुलांचे हित आहे, अशा निर्णयावर तो आला. मोठी संपत्ती घराला तारण्यापेक्षा बुडवितेच अधिक, हा त्याचा अनुभव होता. घरात यावर काय बोलणे झाले असेल, हे कळण्यास मार्ग नाही. मुले मात्र बापाच्या मागे विश्वस्त म्हणून काम करीत राहिली. पैसा न मिळता जबाबदारी मिळाली, असेच म्हणावयाचे.

आपल्याकडे कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली, तेव्हा पाश्चात्त्य देशांतील अशा वस्त्यांची वर्णने त्यांनी वाचलेली होती. पुढे शेठ वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात साखर कारखान्याभोवती वालचंदनगर उभारले. ही दोन्ही मोठीच कामे. पण त्या वस्त्या कारखान्याच्या होत्या. बोर्नव्हिलची वस्ती कारखान्यापासून कायद्याने तोडून वेगळी केलेली होती. या फरकाचे मोल १९०० मध्ये कोणास फारसे जाणवले नसेल. ते जाणवले ११० वर्षांनी.

त्याआधी एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. बोर्नव्हिलच्या बागा फुलत होत्या, त्या काळात कारखान्यातील कोकोचा मोठा हिस्सा पोर्तुगीजांच्या साओ टोमे बेटावरून येत असे. तेथील मळ्यांत आफ्रिकेतून आणलेली माणसे नावाला करारबद्ध, प्रत्यक्षात गुलाम होती. १९०१ मध्ये ही बातमी कॅडबरींच्या कानी आली. त्यांनी चौकशा केल्या, माणसे पाठविली, सरकारकडे खेटे घातले. खरेदी मात्र १९०९ पर्यंत थांबविली नाही. एका वर्तमानपत्राने यावरून त्यांना ढोंगी ठरविले, तेव्हा त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि तो जिंकलाही. पंचांनी भरपाई दिली ती एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी! निकालाहून ती रक्कमच अधिक बोलकी ठरली. दुकानापर्यंतचा माल निर्भेळ ठेवणाऱ्यांना माल येतो तेथवर पाहण्यास आठ वर्षे लागली. बोर्नव्हिलची स्तुती करणाऱ्या पुस्तकांतून हे प्रकरण पुष्कळदा एका ओळीत उरकले जाते.

वस्तीत दारूचा गुत्ता नाही, हे बोर्नव्हिलचे सर्वांत प्रसिद्ध वैशिष्ट्य. विश्वस्तपत्रातच तशी अट आहे: सर्व विश्वस्तांची एकमुखी लेखी संमती असल्याखेरीज मद्यविक्री नाही, आणि दिलीच संमती, तर त्यातला नफा लोकांना दारूपासून दूर नेणाऱ्या करमणुकींवर खर्चावयाचा. म्हणून येथील लोक पीत नाहीत, असे कोणी समजू नये. शेजारच्या स्टर्चलीत मद्यालये आहेत आणि पायी जाण्यास पाव तासही लागत नाही. रात्री रस्त्यावर आरडाओरड नसते, एवढाच काय तो लाभ. आणि तो लहान नाही, असे लहान मुले असलेल्या घरांना वाटते. २०१५ मध्ये वस्तीतील वर्तमानपत्रांच्या एका छोट्या दुकानाला महापालिकेने बाटलीबंद मद्य विकण्याचा परवाना दिला, तेव्हा शंभर वर्षांची परंपरा मोडली म्हणून रहिवाशांनी हरकती घेतल्या. दुकानदाराची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नव्हती. वर्तमानपत्रे कोणी घेत नाही, आणि गिऱ्हाईक बाटलीसाठी दुसऱ्या दुकानात गेले, की दूध-पावही तेथूनच घेऊन येते. नियम पाळण्याचा खर्च एकट्या दुकानदाराच्या गल्ल्यावर पडावा काय, हा प्रश्न त्या वादात होता. त्याचे उत्तर सभेत कोणी दिले नाही.

वस्तीच्या हद्दीजवळच वुडब्रूक नावाचे घर आहे. जॉर्ज कॅडबरी तेथे आरंभी राहत असे; १९०३ मध्ये त्याने ते क्वेकरांच्या अभ्यासकेंद्रासाठी दिले. १९३१ च्या ऑक्टोबरात, गोलमेज परिषदेच्या काळात, महात्मा गांधी तेथे मुक्कामास होते.

शनिवारी वस्तीची शांतता थोडी मोडते. शाळेच्या मनोऱ्यात ४८ घंटांचा एक संच आहे. बेल्जियममधील ब्रूज शहरी ऐकलेल्या घंटानादाने भारावून जॉर्जने १९०६ मध्ये तो आणविला. तेव्हा घंटा कमी होत्या, पुढे वाढविल्या. वादक लाकडी दांड्यांवर मुठी मारून त्या वाजवितो, आणि सूर हिरवळीवरून चहूकडे जातात. हिरवळीवर आठ कोनांचे एक लहानसे विश्रामगृह आहे. जॉर्ज व त्याची पत्नी एलिझाबेथ यांच्या विवाहास २५ वर्षे झाली, तेव्हा कामगारांनी वर्गणी काढून ते बांधून दिले. नाताळच्या आदल्या सायंकाळी याच हिरवळीवर माणसे जमतात, दिवे हातात धरतात आणि घंटांच्या साथीने गाणी म्हणतात. एरवी हवेपलीकडे न बोलणारे शेजारी त्या सायंकाळी एकमेकांची मुले किती मोठी झाली, ते पाहतात. उन्हाळ्यात उत्सव असतो. मुली रंगीत फिती धरून खांबाभोवती नाचतात, आपल्या गोफासारख्या.

२०१० मध्ये कॅडबरी कंपनी अमेरिकेच्या क्राफ्ट कंपनीने विकत घेतली. किंमत सुमारे साडेअकरा अब्ज पौंड. घराण्याचा कंपनीवरील ताबा तत्पूर्वीच गेलेला होता; भाग हजारो हातांत विखुरलेले, आणि भाव चांगला आला म्हणताच ते विकले गेले. ब्रिस्टॉलजवळचा एक कारखाना चालू ठेवू, असे विक्रीपूर्वी सांगण्यात आले होते. विक्री होताच तो बंद करण्याचे जाहीर झाले. बोर्नव्हिलमध्ये त्या दिवसांत लोक दाराशी उभे राहून बोलत होते. कारखान्याचे काय होणार, हे कोणास सांगता येत नव्हते. घरांचे, मैदानांचे, झाडांचे काय होणार, हे मात्र कोणास विचारावे लागले नाही; ती विकावयास कंपनीची नव्हतीच. ट्रस्टकडे आज सुमारे १,००० एकर जमीन आहे आणि तो नवी घरेही बांधतो. खुल्या बाजारात विकली जाणारी येथील जुनी घरे मात्र आता साध्या कामगाराच्या आवाक्यात राहिलेली नाहीत. जॉर्जचा तो पहिला चुकलेला हिशेब पुरता सुटला, असे म्हणता येत नाही. तरी ट्रस्टची भाड्याची घरे त्याच रस्त्यांवर, त्याच कुंपणांमागे आहेत, आणि बाहेरून पाहणाऱ्यास मालकाचे घर कोणते व भाडेकऱ्याचे कोणते, हे सहसा ओळखता येत नाही.

घर घेणाऱ्याच्या हाती कागदांचा जो गठ्ठा येतो, त्यात कुंपणाचे आणि झाडांचेही कलम असते. बहुतेक जण ते सही करताना वाचीत नाहीत, पहिल्या वसंतात वाचतात. मग कात्री आणतात. सप्टेंबरात मागच्या बागेतील सफरचंदे एका घराला पुरून उरतात. तेव्हा अनेक फाटकांपाशी टोपली दिसते, आणि तिच्यावर कागद खोचलेला असतो: हवी तेवढी न्यावीत.